वायरमनची पाळी

माझ्या दादाला आयुष्यात दोनच गोष्टी नीट जमल्या. कापड कापणं आणि रुसून बसणं. पहिलीबद्दल कारखान्यानं त्याला निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसरीबद्दल मी सांगणार आहे, कारण तिच्यात माझाही हात होता.

दादा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि उभ्या यंत्राचं पातं त्या रेघेवरून न्यायचं. एक सूत इकडे-तिकडे झालं तर साठ विजारी वाया. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याच्या नजरेचा कारखान्यात दरारा होता. कापलेल्या तुकड्याची कड बोटानं चाचपून तो सांगायचा, हे अमक्यानं कापलंय, घाईत कापलंय आणि पात्याला धार नव्हती. कधी चुकला नाही. म्हणजे कारखान्यात तरी नाही.

घरी मात्र हा माणूस वेगळाच. बूट दारात काढले की थेट रेकॉर्ड प्लेयरपाशी. त्याला फंकचं, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकन नाचगाण्यांचं, वेड होतं. हे वेड कुठून लागलं विचाराल तर कारखान्याच्या कँटीनमधल्या रेडिओवरून. एकविसाव्या वर्षी एक गाणं कानावर पडलं आणि स्वारी बिघडली ती बिघडलीच. आमच्या घरात आधी कोणी शिट्टीसुद्धा सुरात वाजवलेली नाही. मी त्याला चिडवायचे, "दादा, यात गाणं कुठंय? नुसती धडधड आणि मधूनमधून भोंगे." तो म्हणायचा, "तू ऐकतेस कुठे, तू वाट बघतेस संपायची. अगं, सगळे आपापल्या वाटेनं भटकतात आणि पहिल्या ठोक्यावर घरी येतात. कितीही लांब गेले तरी येतात." मग मान हलवत समेवर टेबलावर थाप मारायचा आणि माझा चहा हिंदकळायचा.

त्यातही त्याचा जीव लांबवलेल्या रिमिक्सवर. मूळ गाणं साडेतीन मिनिटांचं, तर बारा इंची तबकडीवर तेच आठ-नऊ मिनिटं चालायचं. त्यात म्हणणारा मध्येच गप्प होतो, भोंगे थांबतात आणि नुसते ड्रम आणि बेस गिटार उरतात. तो तुकडा आला की दादा डोळे मिटायचा. मूळ गाण्यांबद्दल त्याची कायमची तक्रार, "पानावर बसलेल्या माणसाला तीन घासांत उठवतात का कधी?"

त्याच्या सगळ्यात लाडक्या गाण्याची लांब आवृत्ती कोणी काढलीच नव्हती. ड्रमचा तुकडा म्हणाल तर जेमतेम आठ ठोक्यांचा. आला म्हणेपर्यंत गेला. यावर तोडगा काढला वायरमननं.

वायरमन त्याच कारखान्यातला. यंत्रांची मोटर जळली, दिवे गेले की त्याला हाक मारायची. बुटका, बोलका, खिशात कायम लाल इन्सुलेशन टेपचं रीळ. तो म्हणाला, "मास्तर, गाणं एकच, पण तबकड्या दोन घेतल्या तर? एक तुझी, एक माझी. तुझा तुकडा संपला की माझा सुरू. माझा वाजेपर्यंत तू तुझी तबकडी मागे फिरव. आपल्याला अडवणार कोण?"

आणि खरंच कोणी अडवलं नाही. वायरमननं एक पत्र्याचा डबा बनवला, त्यावर साधं दिव्याचं बटण. खाली केलं की आवाज दादाच्या प्लेयरचा, वर केलं की वायरमनच्या प्लेयरचा. तबकडी किती मागे न्यायची ते कळावं म्हणून दोघांनी आपापल्या तबकडीवर लाल टेपचा छोटा बाण चिकटवला, बरोबर तुकडा सुरू होतो तिथं. दादानं आपला बाण कात्रीनं कापला, कडा अशा की हिऱ्याच्या दुकानात ठेवाव्यात. वायरमननं आपला दातानं तोडला. तो सगळी टेप दातानंच तोडायचा.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. साडेचारला वायरमन प्लेयर स्कूटरला बांधून यायचा. मग आठ ठोके दादाचे, टक्, आठ ठोके वायरमनचे, टक्, आठ दादाचे. साडेतीन मिनिटांचं गाणं ते चौदा मिनिटं चालवायचे. एकदा बावीस मिनिटं गेलं आणि खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका विचारायला आल्या की तुमचं यंत्र अडकलंय का. वायरमन घाम पुसत म्हणाला, "बाई, अडकलेलं नाही, आता कुठे सुटलंय." त्या दिवशी दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. नऊ वर्षं हे चाललं. मला वाटतं, माझ्या दादानं लग्न केलं नाही, पण संसार केला तो शनिवारचा केला.

दोघांचा एक करार होता. तबकडी विकायची नाही. कारण एकटीचा काही उपयोग नाही.

मग वायरमनला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात नोकरी लागली. तिथं पाळ्या, त्यात घरी तान्ही मुलगी. ओळीनं तीन शनिवार तो आला नाही. निरोप यायचा, "पुढच्या वेळी नक्की." चौथ्या आठवड्यात दादा जुन्या तबकड्यांच्या दुकानात गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी हातातलं काम ठेवलं. त्यानं पिशवीतून एक तबकडी काढली. तेच गाणं. तिच्यावर लाल टेपचा बाण.

"विकली त्यानं," दादा म्हणाला.

"अरे, दुसऱ्या कोणाची असेल."

"थांब." त्यानं ती प्लेयरवर ठेवली, बाणावर आणली आणि सोडली. पहिला ठोका जागच्या जागी पडला. केसभरही मागे-पुढे नाही. "हे दुसऱ्या कोणाचं? नऊ वर्षं ऐकलंय मी." त्यानं ती पाकिटात घातली, पाकीट कपाटाच्या तळाशी सारलं आणि म्हणाला, "तो आला तर सांग, मी घरी नाही."

मीही तितकीच शहाणी. मला तो ठोका ऐकून पटलं. भाऊ दुखावलाय म्हटल्यावर माझ्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

पुढच्याच शनिवारी साडेचारला बेल वाजली. दारात वायरमन, हातात प्लेयर, काखेत तबकडीचं चौकोनी पुडकं. होय, पुडकं होतं. मी ते पाहिलं. पण आमचं एव्हाना असं पक्कं ठरलं होतं की मला वाटलं दुसरं काहीतरी आणलं असेल. मी म्हटलं, "दादा घरी नाही." तो म्हणाला, "बरं, मग पुढच्या शनिवारी येतो." पुढच्या शनिवारी आला. मी तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी तेच म्हटल्यावर तो उंबऱ्यातच थबकला. क्षणभर खाली बघत राहिला, मग माझ्याकडे बघून कसंनुसं हसला आणि निघून गेला. स्कूटर बराच वेळ सुरू झाली नाही. दादा आत पलंगावर बसून ऐकत होता. मी म्हटलं, "एकदा तोंडावर विचारून तरी टाक." तो म्हणाला, "चोराला काय विचारायचं?"

त्याला सव्वीस वर्षं झाली.

या सव्वीस वर्षांत दादानं बाकी सगळं ऐकलं. बारा इंची तबकड्यांनी भिंत भरली. पण ते एक गाणं लावलं नाही. दोन तबकड्या घरात होत्या, दुसरा प्लेयर कोणाकडून मागून आणला असता तर एकट्यानं वाजवता आलं असतं. मी एकदा सुचवलं तर दोन दिवस अबोला. पत्र्याचा डबा पलंगाखाली धूळ खात पडला. मी झाडताना तो उचलायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. टाकून दे असं मात्र तो कधी म्हणाला नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी बेल वाजली. दारात साधारण माझ्याच वयाची बाई. मी ओळखलं नाही. तिनं सांगितलं, ती वायरमनची बायको. वायरमन जाऊन सतरा दिवस झाले होते. हृदयविकार. इस्पितळाच्या जिन्यात बसला तो उठलाच नाही.

दादा खुर्चीतून उठायला गेला आणि परत बसला.

तिनं पिशवीतून चौकोनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही मास्तरांना द्यायची असं त्यांनी मागेच सांगून ठेवलं होतं. म्हणायचे, एकटीचा काही उपयोग नाही."

दादानं तबकडी बाहेर काढली. तिच्यावर लाल बाण होता. फिकट पडलेला, एका बाजूला ताणलेला, कडेला दातांच्या खुणा.

तो उठून कपाटापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि तळातून ती दुकानातली तबकडी ओढून काढली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. बाण अगदी एकाच जागी. पण दुकानातल्या बाणाच्या कडा सरळ होत्या. कात्रीच्या. दादानं त्या कडेवरून बोट फिरवलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं कड चाचपून कापणाऱ्याचं नाव सांगितलं, त्यानं त्या दिवशी फक्त कान लावला होता. आणि कानाला काय कळणार? तो तुकडा गाण्यात एकाच जागी येतो. ज्याला ज्याला तो आवडेल, तो तो बाण तिथंच लावील. गावात आणखी कोणीतरी होतं ज्याचा जीव त्याच आठ ठोक्यांवर जडला होता. बस, एवढंच. लाल टेप काय जगात एकट्या वायरमनकडे होती?

"दोन कशा?" तिनं विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं. सगळं. दुकान, बाण, 'घरी नाही'. सांगताना माझी मान वर होईना.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही घरी नाही म्हणालात, तेव्हा मास्तरांचे बूट दारातच होते. घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मग विचारा जाऊन. तर म्हणाले, नको, मास्तरांना दुसरा चांगला जोडीदार मिळाला असेल, मी तीन शनिवार गेलो नाही ना." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "शेवटपर्यंत अधूनमधून विचारायचे हो. आपलं नेमकं काय चुकलं असेल?"

"काही नाही," दादा म्हणाला. "वहिनी, त्याचं काही चुकलं नाही."

"हे आता मी त्यांना कुठे जाऊन सांगू?"

 मी चहा विचारला, तिनं नको म्हटलं. निघताना दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "सुट्टी असली की शनिवारी साडेचारला लावायचे ते. मला कधी कळलं नाही हे काय चाललंय. जरा वेळ वाजवायचे, मग आवाज बंद करून तबकडी मागे न्यायची आणि नुसतं बसायचं. मग पुन्हा तेवढंच वाजवायचं, पुन्हा बंद. मुलगी लहानपणी विचारायची, बाबा मध्येच का थांबता? तर म्हणायचे, आता मास्तरची पाळी आहे."

दादा तेव्हा रडला. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. वायरमनची बायको दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. तिनं त्याचं सांत्वन केलं नाही आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. ती जिना उतरून गेली.

शनिवारी जेवण झाल्यावर दादानं पलंगाखालून डबा काढला. तारा तपासल्या, बटण दोन-चारदा वर-खाली करून पाहिलं. वायरमनचं काम, सव्वीस वर्षांनीही ठणठणीत. डब्याला आपला प्लेयर जोडला. दुसरी तार तशीच मोकळी ठेवली, आणि तिच्याशेजारी वायरमनची तबकडी तिच्या पाकिटावर आडवी ठेवली. मी म्हटलं, "दादा, खालच्या शिक्षिकांच्या मुलाकडे प्लेयर आहे, मागून आणते. त्याच्या बाजूची सुई मी ठेवीन, तू फक्त सांग कधी."

"नको," तो म्हणाला.

साडेचारला त्यानं गाणं लावलं. म्हणणारा गप्प झाला, भोंगे थांबले. आठ ठोके झाले आणि दादानं बटण वर केलं. टक्. खोलीत काहीच आवाज नाही. तो दोन बोटांनी आपली तबकडी मागे नेत होता, ओठ हलत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मीही मोजत होते. आठ झाल्यावर त्यानं बटण खाली केलं आणि ड्रम पुन्हा सुरू झाले.

चौदा मिनिटं तो असं करत राहिला. बाहेर कोणाची तरी स्कूटर येऊन थांबली तेव्हा आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं.