कोऱ्या पाठीची लॉर्ना

आमच्या क्लबात येणाऱ्याची पाठ आधी कोरी असते. त्याला लेदरची काळी बंडी मिळते, पण तिच्या पाठीवर काही नसतं. बर्फ वितळून रस्ते उघडले की उमेदवारी सुरू होते आणि पुढचा बर्फ पडायच्या आत मतदान होतं. मधल्या काळात आमच्याबरोबर मोटारसायकल चालवायची, क्लबातली भांडी घासायची, टोमणे खायचे. पास झालात तर पाठीवर पिवळा कंदील शिवतात. क्लबचं नावच 'लँटर्न'. सभासद सगळे बिल्लेवाले: शहर पोलीस, शेरीफची माणसं, तुरुंगातले पहारेकरी, आणि पेन्शन खात बसलेले माझ्यासारखे.

मी गिडो बियान्की. उभी नोकरी शेरीफकडे काढली. क्लबात माझी जागा रांगेच्या शेपटाला. कोणाची गाडी बंद पडली, कोणी खडीवर घसरलं, तर थांबायचं ते मी. त्यामुळे माणसाचं तोंड एक वेळ विसरेन, पण कोण हँडलवर कसा बसतो ते विसरत नाही. आणि या सगळ्या वर्षांत लॉर्ना हौतामाकीइतकी विचित्र बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

लॉर्ना जंगलखात्यात होती. आमच्याकडे मिशिगनच्या या वरच्या टोकाला माणसांपेक्षा झाडं जास्त, आणि चोरटे शिकारी झाडांच्या खालोखाल. जंगलात असोत की तळ्यावर, त्यांना पकडायचं हे तिचं काम. एकटीचा ट्रक, एकटीचा इलाखा. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली असताना एका शुक्रवारी ती क्लबात आली. चणीने बारकी, करडी वेणी, आणि बाहेर एक जुनी हिरव्या टाकीची मोटारसायकल उभी केलेली.

"तुमच्यात यायचंय," ती म्हणाली. "भांडी घासता येतात मला."

डेनिस ट्रेव्हेना हा आमच्यातला वात्रट. शहर पोलिसात आहे यावर त्याच्या आईचाही विश्वास बसत नाही. तो म्हणाला, "अरे, मासे-पोलीस आली! बाई, माशांना हातकड्या कुठे घालता हो?"

"जो जास्त बोलतो त्याच्या गळ्यात," लॉर्ना म्हणाली आणि सरळ मोरीकडे गेली.

वॉल्फ्रेड रिन्ताला खदखदून हसला. वॉल्फ आमचा अध्यक्ष. दाराच्या चौकटीत मावत नाही असा गडी, रांगेत कायम सर्वांत पुढे. त्याला बाई तिथेच आवडली. "हिचा जामीन मी," त्याने जाहीर केलं. आमच्याकडे प्रत्येक उमेदवाराला एक जामीन लागतो. जामीन खुद्द अध्यक्ष म्हटल्यावर मतदान म्हणजे औपचारिकता, असं आम्ही धरून चाललो.

मतदानाची आमची रीत साधी आहे. प्रत्येकाला दोन नट देतात, एक चकचकीत, एक गंजका. हेल्मेट फिरतं. पसंत असेल तर चकचकीत टाकायचा, नसेल तर गंजका. एक गंजका निघाला तरी खेळ खलास.

आणखी एक रीत आहे, ती कुठे लिहिलेली नाही. आमच्यात कोणी कोणाची पावती फाडत नाही. वॉल्फ हायवेवर वाऱ्यासारखा निघाला आणि डेनिसने त्याला अडवलाच, तरी डेनिस फार तर म्हणणार, "काका, मागचा दिवा तपासून घ्या." सगळ्या पोलिसांत हे चालतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पहिल्याच फेरीत घोटाळा झाला. उमेदवार शेपटाच्या जरा पुढे, म्हणजे माझ्या पुढे चालवतो. निघालो, शहर सुटलं, तळं उजवीकडे आलं, आणि लॉर्नाची गाडी हळू झाली. मला वाटलं, इंजिन. मी हळू झालो, ती आणखी हळू झाली. शेवटी मी तिला ओलांडून पुढे गेलो, तशी ती झकास मागून यायला लागली.

मी थांबवलं. "बाई, शेपूट मी आहे. शेपटाला शेपूट नसतं."

"चूक झाली," ती म्हणाली.

तीन फेऱ्या तोच प्रकार. चौथ्या वेळी मी नीट बघितलं. माझ्या गाडीचा दिवा तिच्या आरशात पडला की तिचा उजवा हात हँडल सोडून कमरेला जायचा. आता मोटारसायकलची वेगाची मूठ असते उजव्या हातात. मूठ सुटली की गाडी मंदावणारच. कमरेला काय असतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. फेरीला ती पिस्तूल आणतही नसे, पण हाताला ते कळत नव्हतं.

कॉफीला थांबलो तेव्हा वॉल्फने तिला समोर बसवलं. "लॉर्ना, काय भानगड आहे? रांगेत असा हात सोडलास तर एखाद्या दिवशी कोणाला तरी घेऊन पडशील."

तिने कप बाजूला सारला. मग सांगितलं. शिकारीच्या मोसमातली एक संध्याकाळ होती. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर तिने एक ट्रक अडवला होता. आपलं काम केलं आणि निघाली. थोड्या वेळाने तोच ट्रक मागे आला, मोठे दिवे लावून. जवळ येईना, लांब जाईना. रेडिओवर मदत मागितली तर सर्वांत जवळचा माणूस तासाभराच्या वाटेवर. तो सगळा जंगलाचा रस्ता तिच्या आरशात फक्त ते दोन दिवे होते. शहराच्या वेशीवर ट्रक वळला आणि निघून गेला.

"मग काय केलं त्यांनी?" डेनिसने विचारलं.

"काहीच नाही," लॉर्ना म्हणाली. "तेव्हापासून मागे दिवा दिसला की माझा हात जातो. बारा वर्षं झाली. मला एकदा, फक्त एकदा, मागे दिवा असताना दोन्ही हात जागेवर ठेवून घरी जायचंय. म्हणून आले तुमच्याकडे. दुसरं कुठे मिळणार?"

वॉल्फने तिच्या प्लेटमध्ये स्वतःचा केक सरकवला. त्याच्या लेखी हा फार मोठा त्याग होता.

मग उन्हाळाभर मी आणि ती रिकाम्या रस्त्यावर सराव करत राहिलो. ती पुढे, मी मागे. आधी इतका लांब की मीच तिला दिसेनासा, मग हळूहळू जवळ. कधी ती रस्त्याकडेला थांबून झाडाला टेकून श्वास घ्यायची आणि म्हणायची, "पुन्हा." मी कंटाळलो, चिडलो, एकदा म्हणालोसुद्धा की बाई, विणकामाचा क्लब बघा. ती म्हणाली, "पुन्हा." पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी तिच्या पाठीशी असलो तर हात जागेवर राहायला लागला. पण मीच असलो तर.

"तुझा दिवा जरा तिरका आहे, गिडो," ती म्हणाली. "ओळखू येतो."

मी तो दिवा आजतागायत सरळ केलेला नाही.

मतदानाचा रविवार आला. तळ्याकाठी आमचं दरवर्षीचं जेवण असतं. वॉल्फ पहाटेच होडी घेऊन गेला होता. लॉर्नाला पाठीवर कंदील मिळणार, तर जेवण तसंच हवं, हा त्याचा हट्ट. आम्ही पोचलो तोवर कढईत तेल तापलं होतं आणि वॉलाय माशाचे तुकडे खरपूस होत होते. वॉल्फ एप्रन लावून स्वतः तळत होता. पहिली प्लेट त्याने लॉर्नाला दिली. "खा पोरी. आज तुझा दिवस."

तिने एक घास घेतला. छान झालाय म्हणाली. मग प्लेट ठेवली, उठली आणि झाडाखालच्या बादलीकडे गेली. वॉल्फने माशांची डोकी तिथे टाकली होती. ती वाकली, बघितलं, मग शेजारचं बर्फाचं खोकं उघडून बघितलं. आम्हाला सगळ्यांना एकाच वेळी कळलं आणि प्रत्येकाने आपापल्या प्लेटमध्ये नजर घातली.

"वॉल्फ," ती म्हणाली. "होडीत तू एकटाच होतास?"

"एकटाच. का गं?"

"कायद्याने माणशी दिवसाला पाचच मासे."

वॉल्फ हसला. मग हसू थांबलं. "अगं, तुझ्यासाठीच पकडले ना!"

"माहीत आहे मला."

डेनिस धावून आला. "त्यातले पाच माझे धरा. मी होतो होडीत."

"लायसन्स आहे तुझ्याकडे मासेमारीचं?"

डेनिस उगाच खिसे चाचपायला लागला.

"मग एकाच्या दोन पावत्या होतील," लॉर्ना म्हणाली. "बस खाली."

मी तिला बाजूला घेतलं. "अगं बाई, आज तरी नको. उद्या फाड. तासाभराने मतदान आहे. एक गंजका नट पुरतो, आणि तो कोणाच्या हातात आहे कळतंय ना? उन्हाळाभर मेहनत घेतलीस ती याच्यासाठी?"

तिचे डोळे भरलेले होते, हे मी शपथेवर सांगतो. ती काही निगरगट्ट नव्हती. "गिडो, परक्यांची फाडली तेव्हा मी कचरले नाही," ती म्हणाली. "आणि आता आपल्या माणसाची सोडू?"

तिने मोटारसायकलच्या पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. वॉल्फने कढईखालची आग बंद केली आणि हात पुसून परवाना पुढे केला. मान खाली होती. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा होता. तिने पावती लिहिली, फाडली, त्याच्या हातात दिली. खोक्यातले कच्चे मासे जप्त केले, ते वृद्धाश्रमात जाणार होते.

"आणि तळलेले?" डेनिसने विचारलं.

"तळलेले खा. वाया कशाला घालवायचे?"

"घ्या! खाल्ल्या घरचे वासे मोजतात हे ऐकलं होतं," डेनिस पुटपुटला. "इथे तर डोकी मोजली." पण खाल्लं कोणीच नाही.

मतदानाच्या वेळी उमेदवाराने टेबलाकडे पाठ करून बसायचं असतं. लॉर्ना तळ्याकडे तोंड करून बाकावर बसली. तिची ती कोरी बंडी आमच्या समोर होती. आरशात दिवा दिसला तरी जिचा हात कमरेला जातो, ती बाई ज्या जामिनाला आताच दंड केला त्याच्याकडेच पाठ करून बसली होती. हात मांडीवर. एकदाही मान वळवली नाही. मी नोकरीत बंदुकीपुढे उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत. पण असं धाडस मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते झेपलं नसतं.

हेल्मेट फिरलं. अध्यक्षाचं मत शेवटी. हेल्मेट वॉल्फकडे आलं तेव्हा त्याच्या एका तळव्यावर दोन्ही नट होते आणि दुसऱ्या मुठीत पावती. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"लॉर्ना," तो म्हणाला.

नियमाप्रमाणे उमेदवाराशी बोलायचं नसतं. कोणी त्याला अडवलं नाही.

"तो ट्रक. त्यांच्याकडे काय होतं?"

"दोन हरणं जास्तीची," ती न वळता म्हणाली.

"मग सोडलंस त्यांना?"

"छे. पावती फाडली. म्हणूनच तर मागे लागले."

"एकटी होतीस. अंधारात."

"हरणं जास्तीची होती, वॉल्फ."

हेल्मेटात नट पडल्याचा आवाज झाला. वॉल्फने ते टेबलावर पालथं केलं. एकूण एक चकचकीत. गंजका नट त्याने हात मागे नेऊन तळ्यात जमेल तितका लांब भिरकावला.

"कसं आहे," तो म्हणाला, "तू ज्याची पावती फाडतेस तो तुझ्या मागे लागतो, असं दिसतंय. मग मीही लागणार."

लॉर्ना वळली. तिला रडताना पाहून डेनिस म्हणाला, "आता डोळ्यांना हातकड्या घाला, कोणीतरी," आणि स्वतःच नाक शिंकरायला झाडामागे गेला. कंदील आम्ही तिथेच शिवला. रीत अशी की प्रत्येकाने एक टाका घालायचा. वॉल्फच्या जाड बोटांत सुई दिसेचना. त्याने स्वतःला तीनदा टोचून घेतलं आणि टाका वाकडा घातला. तो अजून तसाच आहे.

परत निघालो तेव्हा सूर्य तळ्यात टेकला होता आणि दिवे लावायची वेळ झाली होती. वॉल्फ पुढे गेला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने आपली गाडी रांगेच्या मागे आणली. मला म्हणाला, "गिडोबा, आज तू पुढे हो." मी लॉर्नाच्या एक जागा पुढे झालो. तिच्या मागे आता माझा तिरका दिवा नव्हता. वॉल्फचा होता, मोठा, सरळ, आणि त्याच्या आसपास बाकी निम्म्या क्लबाचे.

जंगलाचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंची झाडं काळी झाली. मी समोर कमी आणि आरशात जास्त बघत होतो. तिचा चेहरा दिसत नव्हता, मागच्या उजेडात नुसती आकृती. एका वळणावर तिचा उजवा खांदा हलला. खांदा पुन्हा स्थिर झाला. गाडी मंदावली नाही.

शहराच्या वेशीवरही तो दिवा वळला नाही. तिच्या घराच्या फाटकापर्यंत तो तिच्या मागे आला, आणि तोवर तिचे दोन्ही हात हँडलवर होते.