साक्षीदार क्रमांक सतरा

आरोग्य खात्यातल्या लघुलेखिकेला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार आणि कुठल्याही साहेबाचे विखुरलेले कागद एका जागी धरून ठेवणारी. सव्वीस वर्षांत तिने रस्त्यांच्या, गटारांच्या, भटक्या कुत्र्यांच्या समित्यांचं बोलणं उतरवून घेतलं होतं. समित्या येत, चहा पीत, अहवाल देत आणि विरून जात. टाचणी आपली जागच्या जागी.

त्यामुळे स्त्रियांच्या गर्भाशयाच्या आजारांवर सल्लागार समिती बसली, तेव्हा तिला विशेष काही वाटलं नाही. पाच सदस्य होते. अध्यक्ष एक निवृत्त सर्जनबाई. कामकाज सांभाळायला खात्याचे एक सचिव, ज्यांना 'पाळी' म्हणताना दर वेळी खोकला येई. पहिल्याच दिवशी 'एंडोमेट्रिओसिस', म्हणजे गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढून पाळीत जीवघेणं दुखण्याचा आजार, हा शब्द इतक्यांदा आला की टाचणीने त्याच्यासाठी वहीत नवी खूण करून टाकली.

साक्षी जुन्या इमारतीतल्या लांबट सभागृहात होत्या. बायका एकेक करून येत, समोरच्या खुर्चीत बसत आणि बोलत. कुणी वीस वर्षांचं दुखणं दोन मिनिटांत सांगे, कुणाला पहिला शब्दच सापडत नसे. टाचणी कोपऱ्यातल्या टेबलाशी मान खाली घालून लिहीत राही. वर बघितलं की शब्द निसटतात, हे तिला पहिल्या नोकरीतच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहीवरून टाइप करायला बसली. सोळा साक्षी झाल्या. पान उलटलं, तर पुढे आणखी चार पानं भरलेली.

अक्षर तिचंच होतं. पेन्सिलही तीच. पण ती पानं लिहिल्याचं तिला काही केल्या आठवेना. तिने सभागृहातल्या साक्षींचं रेकॉर्डिंग लावलं. सोळावी बाई आभार मानून उठली, दार लागलं. त्यानंतर अकरा मिनिटं कुणीच बोलत नव्हतं. एकदा खुर्ची करकरली. बाकी नुसती कागदावर पेन्सिल चालल्याची खसखस, एकसारखी. मग सचिवांचा आवाज आला, "चला, आजचं संपलं."

टाचणीने हेडफोन काढून ठेवला आणि वही वाचायला घेतली.

'तेराव्या वर्षापासून दुखतंय. दर महिन्याला तीन दिवस मी न्हाणीघरात जमिनीवर पडून असायची. डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की बरं होईल. झालं लग्न. मग म्हणाले, मूल झालं की बरं होईल. मूल झालं नाही, म्हणून माहेरी आले.'

इथपर्यंत सगळं नेहमीचंच. निम्म्या बायकांनी हेच सांगितलं होतं. पुढे होतं:

'माझी धाकटी बहीण दाराबाहेर बसून शंभरपर्यंत आकडे म्हणायची. शंभर होईस्तोवर ओरडायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. एक दिवस ती साठावर थांबली. म्हणाली, पुरे कर ताई तुझी नाटकं. तिच्यावर राग नाही. घरात सगळे जे बोलायचे, तेच ती बोलली.'

टाचणीने तो परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचला.

तिची थोरली बहीण जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. अंगावरून जाऊन जाऊन रक्तच उरलं नव्हतं आणि शेवटी हृदयाने हात टेकले. ते आकडे, ते साठावर थांबणं दोघींशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. टाचणीने ते आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तिने वही समोर उभी केली. मग कीबोर्ड जवळ ओढला आणि 'साक्षीदार क्रमांक सतरा' असं टाइप करून चारही पानं उतरवली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

तिसऱ्या दिवशी सचिवांनी तिला बोलावलं. "बाई, रजिस्टरमध्ये सोळा सह्या आहेत. ही सतरावी कुठून उपटली?"

"वहीत आहे, साहेब."

"अहो, पण खोलीत होती का?"

अध्यक्षबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतले, चष्मा लावला आणि सावकाश वाचले. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हिला मी प्रश्न विचारला होता. समितीकडून तुम्हाला काय हवंय, असा."

"मॅडम, सोळानंतर आपण उठलो," सचिव म्हणाले.

"उत्तर इथे आहे की. 'दुखतंय म्हटलं की पहिल्याच दिवशी लिहून घ्या. लग्न आणि मूल हे औषध म्हणून सांगू नका.' हे मी ऐकलंय. या कानांनी ऐकलंय." त्या थांबल्या. "चेहरा मात्र आठवत नाही."

समितीतल्या दुसऱ्या एक डॉक्टर हळूच म्हणाल्या, "शेवटी शेवटी मी खिडकी लावून घ्यायला सांगितलं होतं ना? फार गारवा आला होता."

"खिडकी लावलेलीच होती," सचिव म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. सही नाही म्हणून साक्ष परिशिष्टातून वगळायची, असं ठरलं.

संध्याकाळी टाचणीने आईला सगळं सांगितलं, साठावर थांबल्याचंसुद्धा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई शेंगा सोलत होती. घाबरली नाही, रडलीही नाही.

"कशी दिसत होती गं? वाळली होती?"

"मी बघितलंच नाही, आई."

"चार पानं लिहिलीस आणि तोंडाकडे बघितलं नाहीस?" आईने सूप बाजूला सारलं. "सही पाहिजे ना त्यांना? मी येते."

पुढच्या फेरीत आई आली. बाविसावी साक्षीदार. खुर्चीत बसली, नाव सांगितलं, पदर नीट केला.

"माझी मुलगी खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली. "मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. एवढं लिहा."

मग ती थांबली आणि डावीकडे वळली. डावीकडे कुणीच नव्हतं. कुणाचं तरी ऐकावं तशी तिने मान कलती केली.

"हो गं, तेही सांगते," ती पुटपुटली आणि पुन्हा समितीकडे वळली. "शनिवारी ती म्हणाली, आई, मला दवाखान्यात ने. मी म्हटलं, उद्या सुट्टी, सोमवारी जाऊ. रविवारी दुपारी ती गेली."

हे टाचणीला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत आईने हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. पेन्सिल अडखळली, पण थांबली नाही. आईचा डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता, आणि बोटं मिटलेली होती, कुणी हात धरल्यावर मिटतात तशी.

अध्यक्षबाईंनी शिपायाला खूण केली. "तिथे अजून एक खुर्ची ठेवा," त्या म्हणाल्या. शिपायाने ठेवली. कशाला, असं सचिवांनीही विचारलं नाही.

आईने रजिस्टरमध्ये सही केली, मोठ्या गोल अक्षरात. त्या सहीवर अध्यक्षबाईंनी सतरावी साक्षही परिशिष्टात घ्यायला लावली.

अहवाल दोन वर्षं कपाटात पडून होता. मग एक परिपत्रक निघालं, सगळ्या सरकारी दवाखान्यांना. त्यातली चौथी सूचना, एक शब्द सोडला तर, शब्दाला शब्द सतराव्या साक्षीदाराची होती. छपाईआधी मसुदा तपासायचं काम टाचणीकडेच आलं. खात्याच्या भाषेत बसावं म्हणून एका साहेबांनी 'दुखतंय' खोडून 'वेदनेची तक्रार' केलं होतं. टाचणीने कुणाला न विचारता ते पुन्हा 'दुखतंय' केलं आणि कागद छपाईला पाठवून दिला.