लळा लागू नये म्हणून

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकूंना ती पोर पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिने ओळखदेख काही विचारली नाही. सरळ मांडीवर चढली आणि गळ्यात हात टाकले. तीन वर्षांची असेल. अनाथ मुलांच्या त्या बालगृहात रविवारी देणगीदार येत, मुलांना तासभर मांडीवर घेत आणि डोळे पुसत घरी जात. काकूंचंही तेच झालं. आठवडाभर त्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "काय लाघवी पोर आहे! पहिल्या भेटीतच माझी झाली." नवरा गेल्यापासून त्यांना असं कुणी बिलगलं नव्हतं. मुलांसाठी खेळायचं दालन बांधून द्यायचं त्यांनी कबूल करून टाकलं.

पुढच्या खेपेला त्या पोहोचल्या, तर पोर एका वायरमनचं बोट धरून फाटकाबाहेर निघाली होती.

"कुठे चाललीस गं?"

"काकांबरोबर."

"कोण काका?"

पोरीने मान वर करून त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि हसली. काकूंना मिळालं होतं, अगदी तेच हसू.

वायरमनच घाबरला. "अहो बाई, पंखा दुरुस्त करून निघालो, तर ही चिकटली. आत सोडायलाच वळत होतो, शपथ!"

माणूस भला होता. पण उद्याचा भला नसला तर? त्यांचा मुलगा या वयात परकं कुणी दिसलं की त्यांच्या मागे दडायचा. सासूबाई त्याला घरकोंबडा म्हणायच्या. ही कुणाच्या मागे दडणार?

त्यांनी अधीक्षक बाईंना गाठलं. "हिचं असं इथे कोण आहे?"

"मुलं सांभाळणाऱ्या सगळ्याच आया हिच्या. दर आठवड्याला आम्ही त्यांच्या खोल्या बदलतो. एकीचा लळा लागला आणि ती सोडून गेली, की मुलं जेवण टाकतात हो. बघवत नाही."

हे काकूंना आधीही सांगितलेलं होतं आणि त्यांनी कौतुकाने मान डोलावली होती. आता त्यांच्या डोळ्यांपुढे वायरमनचं बोट धरलेली पोर आली.

"दालन राहू द्या. त्या पैशात एकच आया हिच्या खोलीला कायमची द्या."

"अहो, पण यजमानांच्या नावाची पाटी लागणार होती!"

"लोकांना पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून तर माझं दुकान चालतं."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "बरं. पण मग ती एकीचीच व्हायला हवी; रविवारी मांडीवर घेणं बंद. तुमचंही."

हे काकूंच्या ध्यानात आलं नव्हतं. तरी त्या 'हो' म्हणाल्या.

धास्ती काही गेली नाही. आया टिकेल ना? वर्षभरात लग्न ठरलं, दुसरीकडे जास्त पगार मिळाला तर? पोरीला आपण जीव लावायला शिकवलं ते तिचा जीव तुटावा म्हणूनच, असं तर होणार नाही? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर फ्रेम बसवतानाही त्यांच्या मनात हेच चालायचं.

काही महिन्यांनी त्या अंगणात शिरल्या. पोरीने त्यांना पाहिलं आणि धावत जाऊन आयाच्या गुडघ्यांमागे दडून भोकाड पसरलं.

आया ओशाळली. "काकू, राग नका मानू. हल्ली परक्या माणसांना फार बुजते."

काकू बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. त्यांना रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

अजून त्या दर रविवारी जातात. मागच्या दाराने शिरतात आणि आतल्या खोलीत बसून मुलांच्या कपड्यांना बटणं लावतात.