भोंग्यावरचा गडी

वेळ कशी पाळावी यावर जगात कुणी बोलायचं असेल तर ते फक्त माझ्या कराडच्या खोलीसोबत्यानं, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे घड्याळ बघून वेळ पाळतात, त्यात काय विशेष? या पठ्ठ्याचं दहावीला मिळालेलं चांगलं चावीचं घड्याळ ट्रंकेत मोज्यांखाली झोपलेलं असायचं. "घड्याळाकडं आपल्याला बघाय लागतंय गड्या," तो म्हणायचा, "भोंगा आपणहून हाक मारतोय."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इंजिनिअरिंगला होतो. त्या वर्षी साखर कारखान्याजवळ खोली घेतली आणि पाळी बदलताना होणाऱ्या भोंग्याला स्वारीनं आपलं अख्खं आयुष्य बांधून टाकलं. पहाटेच्या भोंग्याला अभ्यास, दुपारच्याला जेवण, रात्रीच्याला पुस्तक बंद. बंद म्हणजे बंद! गणित बरोबरच्या चिन्हापर्यंत आलेलं असलं तरी उत्तर उद्या. एकदा भोंग्याआधीच जाग आली, तर मिटलेल्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवून हा खाटेवर बसून. "अरे, कर की सुरुवात!" मी म्हणालो. "मधनंच सुरू केला की अभ्यास तिरका जातोय," हे उत्तर. एकदा कारखान्यात काही बिघाड होऊन अवेळी भोंगा झाला, तर नुकताच जेवून आलेला हा प्राणी पुन्हा खानावळीत जाऊन बसला. मावशींनी कपाळाला हात लावला, पण वाढलं.

आम्ही हसायचो, पण त्याचा गणिताचा विषय दोनदा राहिला होता. त्याचे वडील, आबा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन उंब्रजकडे ऊस करायचे. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "यंदा न्हाई सुटला तर वळकटी बांध आन् शेतावर ये." आणि खरंच सांगतो, भोंग्यामुळे यंदा गणित त्याच्या हाताला लागत होतं.

पण हंगाम संपला की भोंगाही बंद होणार, हे उसाच्या घरात जन्मलेल्या या माणसाच्या लक्षात आलं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर! तेवढ्यात आबा करवादत आले. तोडणीची टोळी येईना, ऊस फडातच वाळत होता. चिरंजीव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की आबा, अजून म्हैनाभर." आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायच्या निमित्तानं सटकलो.

अखेर टोळी आली, ऊस गेला, कारखान्यानं शेवटचा लांबलचक भोंगा दिला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी आमचा गडी अंथरुणात. मी हलवलं, ओरडलो, पाणी मारलं. तो उठायचा, पुस्तक उघडायचा आणि कान टवकारून नुसता बसायचा. परीक्षा तोंडावर! "मला जमायचं न्हाई रं," असं म्हणून त्यानं एका संध्याकाळी खरोखरच वळकटी बांधली.

नेमके तेव्हाच ऊस गेल्याच्या आनंदात आबा काकवीचा डबा घेऊन दारात.

"काय झालं रं?"

"आवं आबा, भोंगा बंद झाला."

आता दणका बसणार म्हणून मी भिंतीला चिकटलो. पण आबांनी डबा खाली ठेवला. त्यांनी वळकटी सोडली, पोराचं अंथरूण घातलं आणि शेजारी घोंगडं टाकून आडवे झाले. पहाटे मी दचकून उठलो. उंबऱ्यात आबा उभे, दोन्ही हात तोंडाशी, आणि पलटणीतल्या त्या छातीतून निघालेला "भोंऽऽऽऽ!" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, घरमालकीण बॅटरी घेऊन धावली. आमचा गडी मुकाट उठला आणि पुस्तक उघडून बसला. परीक्षा संपेपर्यंत आबांनी एकही पाळी चुकवली नाही. विषय सुटला.

पुढे तो सांगलीत नोकरीला लागला. लग्न झालं, आबाही तिकडेच राहायला गेले, आणि पहाटेचा भोंगाही त्यांच्याबरोबर गेला. शेजाऱ्यांनी तक्रार केली, मग तेही त्याच भोंग्याला उठायला लागले.

आबा वारल्यावर मी भेटायला गेलो. सकाळ बरीच वर आली होती. वहिनींनी ठेवलेला चहा निवला होता आणि हा खाटेवर उघड्या डोळ्यांनी पडलेला.

"ऊठ की रे आता," मी म्हणालो.

"जागा हाय रं कवाचा. भोंगाच न्हाई झाला."

मी उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले. आवाज कसाबसा फुटला, तोही फाटका. पण तो उठला.