आठ दिवस पुण्यात भाव विचारत

नवऱ्याला पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा आम्ही सुरतेत भेस्तानला भाड्याच्या खोलीत राहत होतो. तो कापडाच्या लूमवर कामाला जायचा, मी घरी साड्यांना लेस लावायची. पुण्याचा पगार इथल्यापेक्षा पाच हजारांनी जास्त. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, ती नोकरी शोधली होती.

माझं मन मात्र घेईना. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. नवरा म्हणाला, "तूच जाईसन देखी ये."

मग आठ दिवस बहिणीकडे राहून मी पुणं पायी पालथं घातलं. खोल्या पाहिल्या, दूध-भाजीचे भाव विचारले, शाळेच्या रिक्षावाल्याला गाठलं. किराणा थोडाफार सारखाच निघाला. खोलीचं भाडं मात्र आमच्या दुप्पट, वर डिपॉझिट. भेस्तानला आमची दोन्ही मुलं चालत शाळेत जायची, पुण्यात रिक्षा लावावी लागणार होती. शेवटी बहिणीच्या शेजारणींना विचारलं, "घरबसल्या काय काम मिळतं?" "तसलं काही नाही मिळत इथे," त्या म्हणाल्या. सुरतेत साड्यांचे गठ्ठे माझ्या दारात येऊन पडायचे.

रात्री जेवताना मी म्हटलं, "दाजी, आम्ही नाही येत. यांचा पगार वाढेल, पण माझी कमाई बंद होईल."

"लोक पुण्यासाठी धडपडतात, आणि तू नाही म्हणतेस? तुझ्या लेस लावण्याने काय घर चालतं?"

"अर्धं चालतं," मी म्हटलं. बहिणीने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

परत आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं असणार, पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच दाजींना फोन करून नाही सांगितलं. मी शिलाई मशीन घेतलं. पुढे गल्लीतल्या तिघी जणी माझ्याकडे कामाला यायला लागल्या. काही वर्षांनी भेस्तानलाच दोन खोल्यांचं घर घेतलं.

घराचा दस्त करायच्या दिवशी कारकुनाने विचारलं, "घर किसके नाम पर?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इनके."

मी पूर्ण नाव लिहून सही केली. बाहेर येऊन आम्ही चौघांनी गाडीवर हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला गरम सुरती लोचो खाल्ला. पैसे मी दिले.