दोन डावे बूट आणि ताईची चढण

माझ्या ताईची परीक्षा घ्यायचं ठरलं आणि परीक्षक म्हणून घरच्यांना माझ्याशिवाय कोणी मिळालं नाही. आमच्याकडे माणसांची किती टंचाई आहे, ते यावरूनच कळावं.

मेहुणे गेल्यापासून ताई एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दूरच्या शहरात नोकरीला. मध्यंतरी ती बाथरूममध्ये घसरली, गुडघा सुजला, आणि तेव्हापासून भाच्याने धोशा लावला की घर विक आणि माझ्याकडे ये. ताई म्हणे, मला माझं घर सोडायचं नाही. शेवटी एकदा तो फोनवर वैतागला. "तुझ्या त्या पार्कातला वरचा पॉइंट तरी चढवेल का तुला? चढून दाखव, परत विषय काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने यायचं." त्याला वाटलं, मिटलं. ताई म्हणाली, रविवारी जाते. साक्षीला मामाने जावं, असं ठरलं.

या पॉइंटशी ताईचं जुनं वैर. तिने सगळी नोकरी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर तिकिटं फाडण्यात काढली. लोक खिडकीशी वाकून विचारत, वरून काय दिसतं? ही तिकीट पुढे सरकवत सांगे, सगळं दिसतं, पाणी घेऊन जा. स्वतः मात्र कधी वर पोचली नव्हती. निघायची, पण एकदा भाच्याला ताप आल्याचा निरोप आला, एकदा मेहुण्यांना वाटेतच कंटाळा आला, एकदा खिडकीवर बसलेली दुसरी बाई घरी निघून गेली म्हणून गार्ड हाका मारत मागे आला. अर्ध्यातून परतण्यात ताईचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता परीक्षकाबद्दल. मी बुटांच्या दुकानात विक्रेता आहे. लोकांच्या पायांशी बसून माझे केस पिकले. पाय पाहिला की नंबर सांगतो आणि कोणी विचारलं नाही तरी सल्ला देतो. बायको गेल्यापासून मीही एकटाच असतो. रविवारी ताईकडे जेवतो, शर्टाचं बटण तुटलं की ताईकडे जातो, आणि काही तुटलेलं नसलं तरी जातो. ती गेली तर माझं कसं होणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. पण साठीच्या माणसाने असलं बोलायचं कोणाला? म्हणून मी परीक्षकाला शोभेलसा गंभीर चेहरा करून फिरत होतो.

दुकानात मांडणीला बुटाचा एकच पाय ठेवतात. आमच्याकडे डावा. जोडी ठेवली तर एखादा घालूनच चालू लागेल. शनिवारी मालकाने एक जुनं मॉडेल मांडणीतून काढायला लावलं. डोंगर चढायचे, जाड तळव्यांचे बूट. एक दर्शनी काचेतून निघाला, एक आतल्या फळीवरून. दोन्ही माझ्याच नंबरचे. मालक म्हणाला, तू जाणार आहेस ना डोंगरावर, ने तुला. मी एक पायात घालून पाहिला, छान बसला, आणि दोन्ही पिशवीत टाकले. गिऱ्हाइकाला मी रोज बजावतो की दोन्ही पायांत घालून चार पावलं चालून बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

रविवारी मी चपला घालून निघालो. नवे बूट फाटकापाशी घालणार होतो. बसमध्ये ताईच्या जुन्या कापडी बुटांवरून तिला पिडलं. तळवा, टाच, पकड, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी हेही म्हणालो की चपलेवर डोंगर चढणाऱ्या मूर्खांना फाटकावरच अडवलं पाहिजे. ताई खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होती.

फाटकावर जुन्या गार्डने ताईला पाहून हातातलं काम टाकलं. दोघं बोलत होती तेवढ्यात मी बाकावर बसून पिशवीतले बूट बाहेर काढले. पहिला गेला. दुसरा जाईना. वाटलं, नवा आहे, रेटला. मग खाली पाहिलं, तर दोन्ही बुटांची नाकं एकाच दिशेला वळलेली. चपला शेजारीच होत्या. पण मूर्खांना अडवायचं वाक्य बोलून अजून तोंड वाळलं नव्हतं. मी नाड्या आवळल्या, चपलांची पिशवी गार्डच्या हवाली केली आणि म्हणालो, चला.

ताईला म्हटलं, तू पुढे हो, मला तुझी चाल तपासायची आहे. खरं कारण एवढंच की तिने माझे पाय पाहायला नको होते. ती पुढे झाली. खिडकीसमोर रांग कितीही लांब असली तरी ती एका वेळी एकच तिकीट फाडायची. चढणही तशीच चढत होती. वाटेत मुळं वर आलेली, जागोजागी सुटे दगड. वळणावर थांबायची, गुडघ्यावर हात ठेवून दम घ्यायची, परत निघायची. मागून मी उजव्या पायाच्या करंगळीला मनातल्या मनात समजावत होतो. माकडही हसलं असतं असा चालत होतो. हिने मला सोडून जाऊ नये म्हणून मी देवाला हात जोडत होतो, आणि माझ्याच पायांनी तिला बुडवणार होतो.

निम्म्यावर एक लाकडी बाक आहे. तिथे मी बसलो तो उठेना. ताई परत आली आणि माझ्यासमोर वाकली. नाड्या सोडल्या. मोजा रक्ताने भिजला होता. तिने दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"दोन्ही डावे?"

मी मान हलवली. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिने पाण्याने पाय धुतला, रुमाल फाडून बांधला आणि माझ्या काखेत हात घालून म्हणाली, ऊठ, खाली जाऊ. सगळ्या जन्मात जे करत आली तेच करायला निघाली होती.

"ताई, तू जा वर," मी म्हणालो. "खाली आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तू घर विकून गेलीस तर मी काय करू? मला नाही राहवणार तुझ्याशिवाय."

इतकं सरळ मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिने माझ्याकडे पाहिलं, पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली. वळणावर एकदा थांबली. माझा जीव टांगणीला लागला. पण ती दम घेत होती.

मग मी बाकावर अनवाणी, शेजारी दोन डावे बूट. येणारे-जाणारे आधी बुटांकडे बघत, मग माझ्याकडे, आणि भरभर पुढे सरकत. एका बाईंनी विचारलं, काका, विकायचेत का? मी सवयीने नंबर सांगून मोकळा झालो.

ताईला यायला फारच उशीर झाला. माझं मनात तिला चारदा पाडून झालं होतं. आली ती सावकाश, वाळलेलं गवत पदराला चिकटलेलं. मी विचारलं, काय दिसलं? म्हणाली, दरी आहे, खाली नदी आहे, फाटकही दिसतं. मग पदराचं गवत काढत म्हणाली, "मी नुसती बसले होते रे. कोणी हाक मारली नाही."

खाली येताना माझं सगळं ओझं तिच्या खांद्यावर. एकीकडे मी, दुसऱ्या हातात माझे बूट, आणि तो सुजलेला गुडघा तिचाच. परीक्षकाला परीक्षार्थीने उचलून आणलं.

फाटकाशी टेकलो आणि भाच्याचा फोन आला. आई पोचली का वर? मी म्हटलं, पोचली. तू पाहिलंस? नाही, मी निम्म्यावर बसलो होतो. का? मी सांगितलं. पायाचं काय झालं, खाली कसा आलास, हेही त्याने खोदून विचारलं. मग काळजीच्या सुरात म्हणाला, "मामा, तू एकटाच राहतोस ना रे?"

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. ताईने माझ्या हातातून फोन घेतला.

"त्याला नको आता कुठला डोंगर चढायला लावूस," ती म्हणाली. "तो राहतोय तसा राहू दे. मीही राहते."

ताई फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, मीही जवळ सरकून ऐकू लागलो.

"बरं," भाचा म्हणाला. "घरी पोचलीस की फोन कर."