हाव म्हणलं अन् घर गेलं

चहा घ्या, आरामात घ्या, पण मी सांगतो त्याच्यावर माह्या बायकोसमोर हसू नका. तिच्या पाठीमागं पाहिजे तेवढं हसा. अहो, एका शब्दापायी हाताशी आलेलं घर घालवणारा माणूस तुम्ही पाह्यला का कधी? नसन पाह्यला तर इकडं पाहा.

मी मूळचा बुलडाण्याकडच्या उंद्रीचा. चिखलीत एका कापडाच्या दुकानात काउंटरवर असतो. आमच्या शेटजीचा एकच नियम, गिऱ्हाइकाले 'नाही' म्हणायचं नाही. याच्यात जांभळा दाखवा. हाव ताई. काठ मोठा पाहिजे. हाव. रंग तर नाही ना जाणार? हाव, हाव. आता आमच्याकडं 'हाव' म्हणजे होकार, हे खरं. पण दरवेळी होकारच असते असं थोडी हाये! समोरचा बोलून राह्यला अन् आपण ऐकून राह्यलो, एवढंबी त्याच्यात येते.

आम्ही भाड्यानं राहत होतो. घरमालक अण्णा माणूस वाईट नव्हता, पण भिंतीवर त्याचा भारी जीव. खिळा ठोकायचा नाही, भिंत खराब होते, ही त्याची पहिली अन् शेवटची अट. त्याच्यापायी आरसा खिडकीत टेकवलेला, दुकानचं कॅलेंडर फ्रिजवर आडवं, अन् पोरीचं बक्षिसाचं सर्टिफिकेट गादीखाली. मंदा, म्हणजे माही बायको, उठता बसता म्हणे, "आपलं घर झालं का मी मले वाटन तिथं खिळा ठोकीन." बाईनं दागिना नाही मागतला कधी. खिळा मागतला.

म्हणून शहराबाहेरच्या परवडणाऱ्या घरांची सोडत निघाली तसा मी अर्ज भरायले बसलो. अर्ज ऑनलाइन. ऑनलाइन म्हणजे काय, तर घरबसल्या डोकं फोडायची सोय. फोटो टाकला, तर कान दिसत नाही म्हणे. कान दाखवले, तर फोटो जड झाला म्हणे. आता कानाचं वजन का मी कमी करू? ओटीपी येई, पण साइट झोपी गेल्यावर. आधारवर मी सुधाकर, रेशनकार्डावर सुदाकर, अन् उत्पन्नाच्या दाखल्यावर सुधारक. माह्यात काय सुधारलं ते लिहिणाऱ्यालेच ठाऊक. पण चकरा मारल्या, नावं दुरुस्त केली, अन् गेला एकदाचा अर्ज. सोबतीचा अर्जदार म्हणून मंदाचं नाव टाकलं.

मंग आला तो फोन. लगनसराईचे दिवस, काउंटरवर नवरीकडच्या बायांचा घोळका, साड्यांचा ढीग माह्या छातीपर्यंत. फोन कानाखांद्यात दाबलेला. पलीकडून एक मॅडम, बोली पुण्याकडची, गोड अन् भयंकर फास्ट. अर्जाची पडताळणी करायची हाये म्हणे. मी म्हणलं, हाव.

"आपल्या नावे पक्कं घर आहे का?"

इकडून नवरीची आत्या म्हणते, याच्यातच मोरपंखी दाखवा. मी म्हणलं, "हाव."

"चारचाकी वाहन?"

"हाव ताई, काढतो."

"यापूर्वी सरकारी योजनेत घर मिळालंय?"

"हाव, हाव."

"म्हणजे दोन घरं झाली?"

"हाव न!"

मॅडमनं तेबी लिहून घेतलं. मंग मोठ्या दुःखी आवाजात म्हणते, "सर, एवढं सगळं असताना पुन्हा गरिबांच्या घरासाठी अर्ज? इतकी हाव?"

मी म्हणलं, "हाव."

तिनं फोन ठेवला. मले वाटलं, पडताळणी मस्त झाली. आत्याबाईनं मोरपंखी बी घेतला.

चार-आठ दिवसांनी मेसेज आला. अर्ज बाद. कारण काय, तर अर्जदाराच्या नावे दोन पक्की घरे. मेसेज पाह्यला मंदानं. तिनं फोन माह्यासमोर ठेवला अन् एकदम शांतपणे विचारलं, "दोन घरं. हे एक मी झाडतो. दुसरं कोण झाडते?"

घ्या! 'दुसरं घर' म्हणलं का आपल्याकडं लोक विटा-सिमेंट पाहत नाही, दुसरी बाई पाहतात. मी समजावून राह्यलो, ते घर तसं नाही, घरच नाही. ती म्हणे, मंग सरकार काऊन खोटं बोलन? दुसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याहून साळा हजर. त्यानं पाणी बी घेतलं नाही. "भाऊजी, खरं सांगा, दुसरं घर कुठी केलं?" हे भिंतीपलीकडून अण्णानं ऐकलं. "दोन घरांचा धनी, अन् माह्या खोल्या अडवून बसला!" म्हणत त्यानं तिथल्या तिथं खोल्या खाली करायले सांगतलं. म्हणजे पाहा, दोन घरं मिळाली अन् होतं तेबी चाललं.

शेवटी मले तो फोन आठवला. त्या मॅडमचे प्रश्न अन् माहे हाव एकामागं एक म्हणून दाखवले, तवा कुठी साळा हसला अन् अण्णाबी थंड झाला. मंदा नाही हसली. तिच्या डोळ्यात पाणी होतं. म्हणे, एक खिळा मागतला होता, तोबी तुमच्या तोंडानं घालवला. खरं सांगतो, तवा मले माहीच लाज वाटली.

अर्ज बाद झाला त्याच्यावर मी हरकत घेतली, तिची बुलडाण्याले सुनावणी होती. एसटीत मंदानं माही तयारी करून घेतली. साहेब काहीबी विचारो, फक्त 'नाही' म्हणायचं. घर हाये का? नाही. गाडी हाये का? नाही. तयारी इतकी पक्की झाली का कंडक्टरनं विचारलं, तिकीट काढलं का, तर खिशात तिकीट असून मी 'नाही' म्हणलं. मंदानं माह्या खिशातून काढून दाखवलं.

साहेबासमोर उभा राह्यलो. पक्कं घर? नाही. गाडी? नाही. आधी लाभ घेतला? नाही. एकदम खणखणीत. मागं बसलेली मंदा खुश झाली, हे मले न पाहताच समजून राह्यलं होतं. साहेबानं कागद तपासले, मान हलवली, पेन उचलला अन् प्रेमानं विचारलं, "मंग, घर पाहिजे न तुमाले?"

मी म्हणलं, "नाही."

पेन तिथंच थांबला. मले कळलं, पण तोंडातून गेलं होतं. मंदा ताडकन उठली. "साहेब, याईचं नाव मागं टाका अन् माहं पुढं घ्या. याईले बोलता येत नाही."

साहेब आमच्याच बोलीचा, खामगावकडचा निघाला, म्हणून वाचलो. मंदानं सगळी 'हाव'ची कथा सांगतली, तर तो पोट धरून हसला. बाईचं नाव पुढं असलं तर अजून चांगलं म्हणे. मंग माह्याकडं पाहून विचारलं, "चालन का?" मी आधी मंदाकडं पाह्यलं. तिनं मान हलवली. तवा म्हणलं, हाव.

सोडतीत मंदाचं नाव निघालं! तिनं माहा हात असा दाबला का बोटं दुखली. अण्णाच्या खोल्या सोडल्या, नव्या घरी सामान लावलं. पह्यल्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं हातोडी आणली, खिळा आणला, दुकानचं कॅलेंडर घेतलं अन् समोरच्या भिंतीवर खिळा टेकवला. म्हणलं, "मंदे, इथं ठोकू न?"

"नाही," मंदा म्हणे. "भिंत खराब होते. माह्या घरात मले विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही. समजलं?"

घरमालक बदलला, भाडेकरू तोच. मी कॅलेंडर उचललं, फ्रिजवर आडवं ठेवलं अन् म्हणलं, हाव.